सायलेन्सरची डावी बाजू

सोमवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मिलिमीटरांनी बायकोची गाडी मागे घेतली आणि गाडीचा एक भाग पुढेच राहिला.

तो भाग म्हणजे सायलेन्सर. इंजिनाखालून निघून मागच्या बंपरपर्यंत जाणारी अख्खी नळी, मधल्या डब्यासकट, पार्किंगच्या फरशीवर आडवी पडली होती आणि गाडी अशी काही ओरडत होती की तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी घाबरून आपापले गॅस बंद केले.

यात मिलिमीटरांचा निष्काळजीपणा होता असं कुणी म्हणेल तर तो अन्याय होईल. गाडीमागे सिमेंटचा ठोकळा आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ठोकळा मोजला होता, चौदा सेंटिमीटर. गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची मोजली होती, साडेपंधरा. दीड सेंटिमीटर शिल्लक पाहून ते निर्धास्तपणे आत बसले. फक्त, मोजताना ते गाडीच्या बाहेर होते आणि मागे घेताना आत होते. स्वतःचं वजन हिशेबात धरायचं तेवढं राहून गेलं.

चौतीस वर्षं त्यांनी मोजणी खात्यात नकाशे काढले. हाताखालच्या माणसाची रेघ अर्ध्या मिलिमीटरनं हलली तरी ते कागद परत करत. त्यामुळे 'मिलिमीटर' हे नाव आधी त्यांच्या पाठीमागे पडलं, मग निरोपसमारंभात व्यासपीठावरून जाहीर झालं आणि निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत घरी राहायला आलं.

बाल्कनीतून बाई खाली आल्या. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवल्यामुळे सगळी इमारत त्यांना बाईच म्हणायची. गाडी त्यांची. स्वतःच्या पगारातून घेतलेली, बावीस वर्षं स्वतः चालवलेली. मिलिमीटरांनी तिला हात लावू नये एवढीच त्यांची अट होती, आणि ती मोडायला मिलिमीटरांना एकच सकाळ लागली. बाईंनी फरशीवरच्या सायलेन्सरकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"शुक्रवारी तपासणी आहे," त्या म्हणाल्या. "शनिवारी ताई."

एवढंच बोलून त्या वर गेल्या. गाडीचा सायलेन्सर निघाला होता आणि तो बाईंना बसला होता. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मिलिमीटरांना मुद्देसूद उत्तर देता आलं असतं. या पाच शब्दांत खोडायला एकही मुद्दा नव्हता. बाईंची थोरली बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, चाकांच्या खुर्चीत. बसमध्ये ती खुर्ची चढत नसे. दर शनिवारी बाई तिला गाडीत घालून तळ्यापर्यंत नेत. आठवड्यातून तेवढंच काय ते ताई घराबाहेर पडायच्या.

आणि शुक्रवारी दुपारी बारा वाजता गाडीची वार्षिक तपासणी होती. पास झाली तर वर्षभर निश्चिंती. नापास झाली तर काय, हे सांगायला सोसायटीचे सेक्रेटरी स्वतः जिना उतरून आले.

"तपासणीचा दाखला नसलेलं वाहन आवारात उभं करता येत नाही, मिलिमीटर. शुक्रवारी संध्याकाळी पाचला भंगाराचा ट्रक बोलवावा लागेल. आता नियम काही मी केलेला नाही."

नियम त्यांनीच केला होता. मिलिमीटरांनी त्याच्या शुद्धलेखनाच्या तीन चुका काढून दिल्या होत्या.

मिलिमीटर तडक बाजारात गेले. त्या मॉडेलचा सायलेन्सर कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलं होतं. पाचव्या दुकानदारानं तर "कुठली गाडी म्हणालात?" असं विचारून आतल्या माणसाला गंमत ऐकायला बाहेर बोलावलं. तेव्हा मिलिमीटरांनी ठरवलं की आपणच बनवायचा. तयार डबा मिळतो, वाकवलेल्या नळ्यांचे तुकडे मिळतात, पट्ट्या आणि रबरी कड्या मिळतात. राहता राहिलं मोजमाप, आणि ते तर घरचंच होतं. जुना सायलेन्सर नमुन्याला होताच.

घरी येऊन बघतात तर नमुना गायब.

"सामाईक जागेत गंजकी वस्तू," सेक्रेटरी म्हणाले. "भंगारवाला दारातच होता. तुमची तेवढीच खेप वाचवली. आभार नका मानू."

मिलिमीटरांनी आभार मानले नाहीत.

मंगळवारी सकाळी सतरंजी अंथरून ते गाडीखाली शिरले. जॅकवर उचललेल्या गाडीखाली उताणं झोपलेला माणूस कितीही विद्वान असला तरी बाहेरून त्याचे नुसते पाय दिसतात, आणि पायांना कुणी मान देत नाही. येणारा-जाणारा त्या पायांना सल्ला देऊन जात होता. पहिल्या मजल्यावरचे बासरीमास्तर तर स्टूल घेऊनच बसले.

"नळी लांब तर सूर खाली, आखूड तर सूर वर," मास्तर पायांना म्हणाले. "तुमची गाडी आजवर पेटीच्या पांढरी चार पट्टीत बोलायची. तेवढं सांभाळा. आणि सूर फारच खाली गेला, तर मधे एक भोक पाडू."

"सायलेन्सरला भोक पाडत नाहीत, मास्तर!"

"बासरीलाही पहिल्यांदा असंच कुणी तरी म्हणालं असेल."

मापं लिहून घ्यायला बाई वही घेऊन शेजारी बसल्या होत्या. बोलणं अजून बंद होतं, लिहिणं चालू होतं. मिलिमीटरांचं डोकं इंजिनाकडे होतं आणि पाय डिकीकडे. तिथून ते ओरडत होते. "डब्यापासून चाकांच्या आसापर्यंत चौपन्न! आसावर कमान, अठरा उंच! शेवटची नळी डावीकडे, बत्तीस!"

सोमवारच्या पाच शब्दांनंतर बाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुमचं डावं की गाडीचं डावं?"

"डावं म्हणजे डावं!"

"अहो, तुम्ही उताणे आहात. तुमचं डावं ते—"

"शाळेतल्यासारखं विचारू नकोस गं! इथे नाकात गंज पडतोय. लिही, डावं, बत्तीस!"

बाईंनी लिहिलं.

दुपारी मिलिमीटरांनी नकाशा काढला. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी त्यांनी ड्रॉइंगचा फळा, टी-स्क्वेअर आणि खोडरबर बाहेर काढला होता. गाडीचं तोंड कागदाच्या वरच्या अंगाला, शेपटाची नळी डाव्या अंगाला, चौकट, शीर्षक आणि खाली सही. वास्तविक एवढ्या गोंधळात माणसानं एक चहा घेऊन पडावं. पण कागदावर स्वच्छ रेघ उमटत गेली तशी मिलिमीटरांची मान वर येत गेली. सोमवारी सायलेन्सर पडला ते बरंच झालं, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

बुधवारी ते तपासणीच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या गृहस्थांनी त्यांची हकिगत डोळे मिटून ऐकली.

"घरी बनवलेला भाग? 'नमुना ग'चा अर्ज. नकाशा तीन प्रतींत. आधी मंजुरी, मग काम."

कचेरीत जाऊन आनंद झाला असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मिलिमीटरांनी तीन प्रती खिडकीतून सरकवल्या.

"नकाशा काढला कुणी?"

"मी. चौतीस वर्षं मोजणी खात्यात मुख्य आरेखक होतो."

"होतात," गृहस्थ म्हणाले. "आता आहात का?"

या प्रश्नावर दोन खिडक्या, एक जिना आणि एक जेवणाची सुट्टी खर्च झाली. अखेर साडेतीनला निवृत्तीच्या ओळखपत्राची नक्कल जोडून नकाशावर शिक्का बसला. शिक्क्याखाली ठळक अक्षरांत छापलं होतं, 'भाग मंजूर नकाशाबरहुकूम असावा. फरक आढळल्यास वाहन नामंजूर.'

"असंच पाहिजे," मिलिमीटर घरी येऊन म्हणाले. "अशी कडक माणसं आता राहिली नाहीत."

गुरुवारी सकाळी वेल्डर आला. कपाळावर काळा चष्मा, स्कूटरवर वेल्डिंगचं मशीन, तोंडात मोजके शब्द. त्याच्या आधी सेक्रेटरी येऊन उभे होते. सामाईक आवारात ठिणग्या उडवायच्या तर अर्ज हवा, वाळूची बादली हवी आणि बादली धरायला जबाबदार माणूस हवा. जबाबदार माणूस इमारतीत एकच असल्यामुळे बादली त्यांनी स्वतः धरली आणि दिवसभर सोडली नाही.

वेल्डरनं फरशीवर नकाशा पसरला. बराच वेळ पाहिला. मग गाडीकडे पाहिलं.

"साहेब, हे वरून बघितलंय का खालून?"

आता इथे मिलिमीटरांनी खरं तर दोन मिनिटं थांबायला हवं होतं. पण समोर शिक्क्याचा मंजूर नकाशा, भोवती सेक्रेटरी, बासरीमास्तर आणि दुसऱ्या मजल्यावरची निम्मी मंडळी. अशा वेळी स्कूटरवरून आलेला माणूस नकाशाला प्रश्न विचारतो म्हणजे काय?

"नकाशा आहे तो," मिलिमीटर म्हणाले. "त्याला प्रश्न विचारायचे नसतात. त्याप्रमाणे करायचं असतं."

"बरं," वेल्डर म्हणाला, आणि त्यानं चष्मा खाली ओढला.

त्यानं नकाशाप्रमाणे केलं. तुकडे कापले, जुळवले, जोडले. संध्याकाळी पाचपर्यंत फरशीवर एक देखणा सायलेन्सर आकाराला आला. मिलिमीटरांनी टेप लावून पाहिला. कुठेही दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नव्हता. वेल्डरला दुसरं काम होतं. "बसवून बघा. सकाळी साडेसातला येतो," एवढं सांगून तो गेला. मिलिमीटर सायलेन्सर घेऊन गाडीखाली शिरले.

बाहेरून फक्त पाय दिसत होते. ते आधी उत्साहानं हलत होते. मग हळू झाले. मग अगदी थांबले.

"अहो?" बाई म्हणाल्या.

एक पाय दुसऱ्यामागे दडला.

पुढचं तोंड इंजिनाला बरोबर जुळत होतं. पण डब्यानंतर नळी वळायची ती नेमकी उलट्या बाजूला वळत होती. जिथे नळीसाठी जागा होती तिथे काही नव्हतं, आणि जिथे नळीचं टोक जात होतं तिथे पेट्रोलची टाकी होती. उताण्या माणसाचं डावं हे गाडीचं उजवं असतं. मिलिमीटरांनी खाली झोपून जे दिसलं ते कागदावर काढलं होतं, आणि वेल्डरनं ते वरून पाहिलंय असं धरून बनवलं होतं. आरशात दिसतो तसा, मिलिमीटरच्या हिशेबात निर्दोष सायलेन्सर तयार झाला होता.

"एवढंच ना?" सेक्रेटरी बादलीसकट वाकून म्हणाले. "मग उलटा करून बसवा की."

उलटा करून बसवला. नळी आली योग्य बाजूला, पण आसावरून जायची कमान आता खाली लोंबायला लागली आणि जमिनीला टेकली. डाव्या पायाचा बूट पालथा घातला म्हणून उजव्या पायात बसत नाही, हे सेक्रेटरींना समजावण्यात वीस मिनिटं गेली आणि तरी ते "पण थोडं दाबून?" असं म्हणतच राहिले.

मिलिमीटर बाहेर आले. त्यांच्या कपाळावर गंज होता आणि तोंडावर काहीच नव्हतं.

"तू तेव्हा बोलली का नाहीस?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंनी वही उघडून समोर धरली. स्वच्छ मास्तरी अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटची नळी, डावं, बत्तीस.' आणि पुढे लाल शाईत एक प्रश्नचिन्ह. बाई उत्तरपत्रिकेवर द्यायच्या तसं.

त्या प्रश्नचिन्हापुढे मिलिमीटर सतरंजीवर बसून राहिले. डोक्यात एक गोष्ट हळूहळू उतरत होती आणि ती सायलेन्सरपेक्षा वाईट होती. समजा, वेल्डरनं उद्या सकाळी सगळं कापून नळी योग्य बाजूला फिरवली. मग ती मंजूर नकाशाशी जुळणार नाही. नकाशाबरहुकूम ठेवावी तर गाडीत बसत नाही, गाडीत बसवावी तर नकाशाबरहुकूम राहत नाही. फरक आढळल्यास वाहन नामंजूर. आणि नकाशावर सही कुणाची, तर ज्यानं चौतीस वर्षांत एकही चुकीचा कागद कचेरीबाहेर जाऊ दिला नाही, त्याची.

"मी उद्या खिडकीत जाऊन चूक कबूल करतो," ते म्हणाले. "नवा नकाशा देतो."

"तीन प्रती, दोन खिडक्या आणि एक जिना," बाई म्हणाल्या. "बाराच्या आत?"

वर ताईंचा फोन वाजत होता. बाईंनी वर जाऊन तो घेतला आणि बाल्कनीतून त्यांचा आवाज खाली आला. "हो गं, येते ना शनिवारी. न यायला काय झालं?"

शुक्रवारी साडेसातला वेल्डर आला तेव्हा मिलिमीटर गेटजवळच उभे होते. काय बोलायचं ते त्यांनी मनाशी घोकून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं.

"ते खालून बघितलेलं होतं," ते म्हणाले.

"वाटलंच मला," वेल्डर म्हणाला. त्यानं सायलेन्सर उचलून उजेडात धरला. "काही बिघडलं नाही. पक्कं मारलंय कुठे मी? नुसते टाके आहेत."

"टाके?"

"चार-चार टिपके. नकाशावाल्यांचं काम असलं की मी आधी टाकेच मारतो. पक्कं करायचं ते गाडीला लावून बघितल्यावर."

असा अपमान मिलिमीटरांचा कधी झाला नव्हता, आणि अपमान ऐकून इतकं हायसंही त्यांना कधी वाटलं नव्हतं. ग्राइंडर फिरला. टाके सुटले. एकेक वाकवलेला तुकडा अर्धा फिरवून पुन्हा जोडायचा, गाडीखाली लावून बघायचा, काढायचा, पक्का करायचा. सेक्रेटरी बादली घेऊन उभे होते आणि दर ठिणगीला एक पाऊल मागे सरत होते. नऊ वाजले. दहा वाजले. सव्वादहाला एक रबरी कडी तुटली आणि बाईंनी कुठलाही प्रश्न न विचारता जुन्या स्कूटरच्या टायरमधून एक कापून दिली. पावणेअकराला शेवटची पट्टी आवळली. बाईंनी किल्ली फिरवली.

इंजिन चालू झालं. आणि त्याच्या जोडीला कुठून तरी फुसफुस.

"गळतंय," वेल्डर म्हणाला. त्यानं एक सांधा पाहिला, दुसरा पाहिला. धूर दिसेना. घड्याळात सात मिनिटं गेली. तपासणीत गळती म्हणजे नापास, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

बासरीमास्तर स्टुलावरून उठले, डोळे मिटून गाडीभोवती अर्धी फेरी मारली आणि फरशीवर चक्क पालथे झोपले.

"ओठ सैल पडला की बासरी अशी हवा खाते," ते म्हणाले. "इथे. डब्याच्या मागच्या सांध्यावर, वरच्या अंगाला. सुराच्या शेजारी दुसरी हवा लागतेय."

वेल्डरनं मास्तरांकडे पाहिलं, मग बोट दाखवलं तिथे आरसा धरला. सांध्यावर टाचणीएवढं भोक होतं. इंजिन बंद करून त्यानं तिथे एक ठिपका मारला. पुन्हा किल्ली. फुसफुस गेली होती.

"पांढरी चार," मास्तर समाधानानं म्हणाले.

साडेअकराला गाडी गेटबाहेर पडली. चालवायला बाई, शेजारी मिलिमीटर, त्यांच्या मांडीवर मंजूर नकाशा. प्रत्येक खड्ड्याला मिलिमीटर सीटवरून थोडे वर उचलले जात होते. गाडीवरचं आपलं वजन कमी व्हावं म्हणून ते स्वतःच तसं करत होते. बारा वाजायला चार मिनिटं असताना गाडी तपासणीच्या खड्ड्यावर उभी राहिली.

निरीक्षक खड्ड्यात उतरले. हातात बॅटरी आणि नकाशाची कचेरीतली प्रत. मिलिमीटर काठावर उभे राहिले. त्यांना खालून काही तरी पुटपुटल्याचं ऐकू आलं. मग एक "हं". मिलिमीटरांना राहवेना.

"साहेब," ते वाकून म्हणाले, "त्या नकाशाबद्दल मला एक सांगायचंय—"

"अहो, पाणी प्या," म्हणून बाईंनी बाटली त्यांच्या हातात नाही, थेट तोंडात दिली.

खाली निरीक्षकांनी मान मागे टाकली, कागद डोक्यावर आडवा धरला आणि गाडीच्या पोटावर बॅटरी फिरवली. कागदाकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं. टेप काढला. चौपन्न मोजले. बत्तीस मोजले. मिलिमीटर घोट तोंडात धरून उभे होते. गिळायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बरोबर आहे," निरीक्षक म्हणाले. "मिलिमीटर न मिलिमीटर जुळतंय."

मिलिमीटरांनी घोट गिळला. त्यांना काही समजेना. नकाशा चुकीचा, मग नळी त्याच्याशी जुळते कशी? पाचएक सेकंद गेले आणि मग लख्ख दिसलं. निरीक्षक खड्ड्यात होते. सायलेन्सर ते खालूनच बघत होते. मंगळवारी सतरंजीवरून जे दिसलं होतं, तेच खड्ड्यातून दिसत होतं. जगात ज्या एकाच जागेवरून तो नकाशा खरा होता, त्या जागी सरकारनं खड्डा खणून माणूस उभा केला होता.

"फक्त," खालून आवाज आला, "एक गोष्ट राहिलीय."

बाईंनी मिलिमीटरांचा दंड धरला.

निरीक्षक वर आले, कपडे झटकले आणि कागद बॉनेटवर ठेवला. "नकाशा कुठून पाहिलाय ते लिहिलेलं नाही. वरून का खालून. साधी गोष्ट आहे, पण ती नसली की माणसं भलतंच बनवून बसतात. तुम्ही खात्यातले ना? इतकी वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

हे वाक्य मिलिमीटरांच्या ओळखीचं होतं. चौतीस वर्षांत त्यांनी ते किमान दोनशे माणसांना ऐकवलं होतं, शेवटच्या प्रश्नासकट. त्यांचे कान तापले. उत्तर ओठांवर आलं आणि ते त्यांनी पाण्याच्या घोटासारखं गिळलं.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "दोघांनी."

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात, रेघ सोडून, नीट अक्षरात लिहिलं, 'खालून पाहताना.' निरीक्षकांनी त्यावर छोटी सही केली. मग आवाज मोजला, धूर मोजला, काचेवर चिकटवायचा दाखला दिला आणि पुढच्या गाडीला हात केला.

गाडीत बसल्यावर बाईंनी दाखला काचेच्या कोपऱ्यात चिकटवला, अंगठ्यानं दाबला, चारही कोपऱ्यांवर पुन्हा दाबला.

"घरी नको," त्या म्हणाल्या. "ताईकडेच जाऊ. शनिवारची वाट कशाला बघायची? आणि पाचला ट्रक येईल तेव्हा आवारात गाडी नसेल. बसू दे सेक्रेटरींना बादली धरून."

पाच दिवसांनी त्या एवढं सलग बोलल्या होत्या. कचेरीच्या फाटकाशी रस्ता दोन्हीकडे फुटत होता.

"डावीकडून जवळ पडेल," ते म्हणाले.

बाईंनी ब्रेक दाबला आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुमचं डावं की गाडीचं?"

मागे दोन गाड्या भोंगे वाजवत होत्या. मिलिमीटरांनी घाई केली नाही. आपण उताणे नाही, बसलेले आहोत, हे त्यांनी पाहून घेतलं. आपलं तोंड कुठे आहे ते पाहिलं, गाडीचं कुठे आहे ते पाहिलं, आणि बाईंचंही.

"आत्ता तिघांचं एकच आहे," ते म्हणाले, आणि तरीही हातानं दाखवलं.